पाच बेटं, आठ सह्या

कचेरी अजून चालू आहे ही गोष्ट भाऊसाहेबांना कुणी सांगितली नव्हती. ती त्यांनी बसमधून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दार उघडं होतं, आत दिवे लागलेले होते आणि बाहेरच्या बाकावर, जिथे त्यांच्या काळात माणसं डबा घेऊन बसायची, तिथे एक मांजर निवांत झोपलं होतं.

निवृत्त होऊन सात महिने झाले होते. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, बिचारे चाचपडत असतील, विचारायला लाजत असतील. दुसऱ्या महिन्यात फोनच बिघडला असावा अशी त्यांना शंका आली, म्हणून त्यांनी बायकोच्या मोबाईलवरून स्वतःला फोन लावला. तो वाजला. "कोण बोलतंय?" असंही त्यांनी सवयीने विचारलं. त्यानंतर पाच महिने त्यांनी फोनचा विषय काढला नाही आणि बायकोनेही काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

वास्तविक चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. निरोपसमारंभात खुद्द साहेब म्हणाले होते, "यांच्या सहीशिवाय या कचेरीतून एक कागद बाहेर गेलेला नाही." या वाक्याला अशा टाळ्या पडल्या होत्या की साहेबांना थांबून पाणी प्यावं लागलं. ते वाक्य मानपत्रात छापलं गेलं, मानपत्राला चौकट केली गेली आणि ती चौकट टीव्हीच्या बरोबर वर लागली, म्हणजे कुणी काहीही बघायला बसलं तरी आधी ते वाचावं लागे.

कचेरी सुटली तरी हात थांबत नाहीत. भाऊसाहेबांनी स्वयंपाकघरात आवक-जावक वही सुरू केली. साखर कधी आली, कधी संपली, शेरा. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "आता गॅस पेटवायलाही तुमच्याकडे अर्ज करायचा का?" त्यावर भाऊसाहेबांनी गंभीरपणे विचार केला, हे तिला जास्त लागलं.

अशात त्यांना बंदरावर ती पाटी दिसली. एक दिवस, पाच बेटं, छोटा गट, किमान आठ माणसं, सकाळी निघून संध्याकाळी परत. पाटी वाचताच सगळा बेत त्यांच्या डोक्यात तयार झाला. कचेरीतली आपली माणसं घ्यायची आणि बोटीत बसवायची. बोटीतून कुणाला मीटिंगला जाता येत नाही. दिवसभरात कधी ना कधी, कुणी ना कुणी सहज बोलून जाईल, की भाऊसाहेब, तुम्ही गेलात आणि सगळं अडलं. एवढंच हवं होतं त्यांना. एक वाक्य. त्यासाठी ते समुद्रात जायला तयार होते, आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

"मी येत नाही," बायको म्हणाली. "एक दिवस घर माझं मला मिळू दे."

बेत बिल्डिंगमध्ये फुटायला अर्धा तास लागला. सेक्रेटरींनी जिन्यातच गाठलं. "बोट लाकडी आहे का फायबरची? लाकडी असेल तर जाऊ नका. फायबरची असेल तर मुळीच जाऊ नका." तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की त्यांचे दीर असेच बेटं बघायला गेले होते, परत आले, पण आल्यापासून बोलत नाहीत. "कुणाशीच नाही?" भाऊसाहेबांनी विचारलं. "माझ्याशी," काकू म्हणाल्या. समोरच्या ब्लॉकमधले कंपाउंडर तर तडक घरातच आले. आयुष्यभर दवाखान्यात पुड्या बांधल्यामुळे हे गृहस्थ सल्लाही डोस ठरवूनच देत. "उलटीची गोळी. निघताना एक, बोटीत बसल्यावर एक, आणि जमीन दिसली की अर्धी." मग थोडं थांबून म्हणाले, "मी बरोबरच येतो ना. तुम्हाला अर्धी करता येणार नाही."

म्हणजे दोन झाले. उरलेले सहा गोळा करायला भाऊसाहेब सात महिन्यांनी कचेरीची पायरी चढले. शिपायाने "या, या भाऊसाहेब" म्हणून तोंडभर स्वागत केलं आणि मग बसायला देण्यासाठी खुर्ची शोधत गेला, तो बराच वेळ आला नाही. त्यांचं टेबल आता खिडकीकडे तोंड करून लावलं होतं. त्यावर एकही फाईल नव्हती. नव्या हेडक्लार्कबाई, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, कॉम्प्युटरवरून मान वर करून हसल्या. रिकामं टेबल म्हणजे काम तुंबलंय, फायली कुठेतरी लपवल्या असणार, असं भाऊसाहेबांनी मनात नोंदवून ठेवलं.

कॅशियर खाण्याचं काय ते विचारून हो म्हणाला. शिपाई हो म्हणाला, कारण तो कशालाच नाही म्हणत नसे. टायपिस्टबाई, वीस वर्षं कोपऱ्यात बसून मान खाली घालून काम केलेली गरीब बाई, म्हणाल्या, "येईन की. तुम्ही म्हणताय तर." दोन ज्युनियर होते, ते कायम जोडीनेच असत आणि जोडीनेच बोलत. त्यांनी विचारलं, "कंपल्सरी आहे का?" भाऊसाहेब म्हणाले, "हो." त्या जागेवरून त्यांनी दिलेला तो शेवटचा हुकूम, आणि तो चक्क पाळला गेला.

हे झाले सात. आठवा माणूस काही मिळेना. शेवटी नव्या हेडक्लार्कबाईच आपण होऊन म्हणाल्या, "मी आले तर चालेल का?" न चालायला काय झालं? भाऊसाहेब हसले. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की बाईला एकदा जवळून पाहायचंच होतं.

आता परवानगी. बंदर कचेरीच्या खिडकीत जो कारकून बसला होता, त्याला पाहून भाऊसाहेबांना प्रथम आनंद झाला. तीच मान, तेच चष्म्यावरून बघणं, अर्ज वाचण्याआधी उलटा करून मागे काही लिहिलंय का ते तपासणं. हा माणूस आपला, असं त्यांना वाटलं. मग त्या माणसाने अर्ज परत सरकवला.

"तीन प्रतींवर तीन वेगळ्या सह्या आहेत."

"तिन्ही माझ्याच आहेत."

"असतील. जुळत नाहीत. उद्या या."

भाऊसाहेबांनी हे दोन शब्द किती माणसांना ऐकवले असतील याचा हिशेब नाही. पण ते ऐकायला कसे लागतात हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. रस्त्यात त्यांना भयंकर राग आला, आणि तो नक्की कुणाचा आला हे ठरवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. सही जुळत नव्हती हे मात्र खरं. गेली काही वर्षं हात जरा कापायचा. खालची रेघ मध्येच उडी मारायची.

ते अर्ज घेऊन टायपिस्टबाईंकडे गेले. बाईंनी सगळं नव्याने टाईप करून दिलं, नऊ प्रती काढल्या. भाऊसाहेबांनी त्यातल्या सहांवर जीव ओतून सह्या केल्या आणि कॅशियरशी बोलायला गेले. येईपर्यंत बाईंनी चांगल्या तीन निवडून पाकिटात घालून ठेवल्या होत्या. बंदर कचेरीत त्या एका मिनिटात पास झाल्या. "ह्या बघा सह्या!" कारकून म्हणाला. "अशा असाव्यात." भाऊसाहेबांची छाती दोन इंच फुगली.

परवानगीबरोबर एक अट आली. प्रत्येक बेटावरून निघताना गटप्रमुखाने प्रवाशांच्या सह्या घ्यायच्या. आठ सह्या झाल्याशिवाय बोट हलवायची नाही. शेवटी ते रजिस्टर खिडकीत दाखवायचं. अट वाचून बाकीचे सगळे वैतागले. भाऊसाहेबांचे मात्र डोळे पाणावले. सात महिन्यांनी त्यांना रजिस्टर मिळालं होतं! त्याच संध्याकाळी त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली, लाल शाईने रकाने आखले. बेट क्रमांक, उतरल्याची वेळ, परतीची वेळ, सही, शेरा.

ठरलेल्या दिवशी सकाळी बोट सुटली. कंपाउंडरांनी धक्क्यावर एक आणि बोटीत एक अशा गोळ्या सगळ्यांना सक्तीने दिल्या आणि स्वतः दोन्ही एकदमच घेतल्या. पहिलं बेट येईपर्यंत ते पुढच्या टोकाला जाऊन आडवे झाले, ते दिवसभर सही करण्यापुरतेच उठले.

बेट क्रमांक एक होतं पक्ष्यांचं. उतरायला पाच मिनिटं, परवानगी पंचवीस मिनिटांची. त्यातली वीस मिनिटं भाऊसाहेब वही उघडून माणसांच्या मागे फिरले. "इथे नाही, वरच्या ओळीत. वेळ लिहा. अहो, शेरा कोरा ठेवू नका, 'नाही' असं लिहा." कॅशियरने उकडलेल्या अंड्याच्या हाताने सही केली तेव्हा तर त्यांनी ती ओळ खोडून, खोडाखोडीवर परत सही घेतली. पक्षी या प्रकाराला कंटाळून उडून गेले. दोन ज्युनियरनी फोटो काढला, त्यात मागे समुद्र आणि पुढे भाऊसाहेबांचा अंगठा आला.

बेट क्रमांक दोनवर गुहा होती. म्हणजे असणार, कारण पाटीवर लिहिलं होतं. "आत जाऊन यायचं का?" नव्या हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

"जा ना. पण बाहेर पडल्याची वेळ वेगळी लिहावी लागेल," भाऊसाहेब म्हणाले. "त्याला रकाना नाही. मला नवीन आखावा लागेल."

कुणी गेलं नाही. बोटीत परतल्यावर त्यांनी वही चाळली. स्वतःच्या ओळीतली सही पाहून त्यांना बरं वाटलं. बोट हेलकावे खात होती, सात जणांच्या मागे फिरून जीव मेटाकुटीला आला होता, तरी ही एक सही कशी स्थिर, खालची रेघ सरळ आणि रेघेखाली दोन ठसठशीत टिंबं. अजून हात गेलेला नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कचेरीत काय चाललंय, सगळं ठीक ना, असं त्यांनी त्या भरात मोठ्याने विचारलंही. "मस्त," शिपाई म्हणाला. कॅशियरने दुसरं अंडं सोललं. बाकी सगळे समुद्राकडे बघू लागले.

बेट क्रमांक तीनवर दीपगृह होतं. दाराशी पाटी होती, पायऱ्या एकशे बारा. भाऊसाहेब मोजत चढले. एकशे नऊ भरल्या. आता दुसरा एखादा माणूस असता तर दम खाऊन, चार घटका समुद्र बघून खाली आला असता. पण पाटीवर एकशे बारा आणि प्रत्यक्षात एकशे नऊ, तर तीन पायऱ्या गेल्या कुठे? ते खाली आले. पुन्हा एकशे नऊच. वही टायपिस्टबाईंच्या हातात देत ते म्हणाले, "सह्या घेऊन ठेवा. मी एवढं एक तपासून येतो." आणि तिसऱ्यांदा चढले, आता भिंतीवर खडूने खुणा करत.

सदुसष्टाव्या पायरीवर भोंगा वाजला. भाऊसाहेबांनी लक्ष दिलं नाही. आठ सह्या झाल्याशिवाय बोट हलणार नाही, हा नियम होता, आणि आठवी सही त्यांच्या खिशातल्या पेनात होती. ते शांतपणे वर पोचले तेव्हा बोट बेटापासून चांगली लांब गेली होती.

प्रथम त्यांना वाटलं वळवतायत. मग त्यांनी हात केला. बोटीतून कॅशियरने रुमाल हलवला. दोन ज्युनियरनी दोन्ही हात हलवले. वरती कुणीतरी हौशी माणूस उभा आहे असं त्यांना वाटलं असणार. भाऊसाहेब जिवाच्या आकांताने ओरडले, तसे खालचे आणखी जोरात हात हलवू लागले. इतका उत्साह त्यांनी सकाळपासून एकदाही दाखवला नव्हता.

"राहिलात का?" मागून दीपगृहाचा राखणदार म्हणाला. म्हातारा, कानाला लोकरीची टोपी. खाली त्याच्या खोलीत वायरलेस होता. त्याने चहा ठेवला. "कळवू का बंदरावर?"

"नको," भाऊसाहेब म्हणाले. "येतील ते. दहा मिनिटांत लक्षात येईल त्यांच्या."

हे ते हट्टाने म्हणाले आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. आपण नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, आणि ते वायरलेसने सांगून चालणार नव्हतं. दहा मिनिटं झाली. गोंधळात असतील, म्हणून त्यांनी वीस दिली. मग चौथ्या बेटावर सह्या घेताना कळेलच, म्हणून तासभर दिला. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र आलं. टायपिस्टबाई रडतायत, नव्या बाईंना काय करावं सुचत नाही, शिपाई म्हणतोय, भाऊसाहेब असते तर त्यांनीच काहीतरी मार्ग काढला असता. या चित्रावर आणखी अर्धा तास निघाला.

"किती जण होतात?" राखणदाराने विचारलं.

"आठ."

"मग कळेल. माणूस कमी पडला की कळतंच."

"पायऱ्या तीन कमी आहेत तुमच्या," भाऊसाहेब म्हणाले.

"पहिल्या तीन वाळूत गेल्या. मी येण्याआधीच." राखणदाराने चहा ओतला. "आजवर कुणी विचारलं नाही."

चार तासांनी बोट दिसली. भाऊसाहेब धक्क्यावर जाऊन उभे राहिले. चेहरा कसा ठेवायचा ते त्यांनी ठरवलं होतं. रागावलेला, पण माफ करू शकणारा. बोट जवळ आली. आत सगळ्यांचे केस खाऱ्या पाण्याने ताठ झाले होते. चौथ्या बेटावर पोहले म्हणे. पाचव्यावर शिपायाने गाणी म्हटली आणि नव्या बाईंनी नक्कल केली, कुणाची ते सांगितलं नाही. कंपाउंडरसुद्धा अर्धवट जागे होऊन हसत होते.

"आम्हाला वाटलं, तुम्ही पुढे कंपाउंडरांजवळ बसलात," कॅशियर म्हणाला.

"आणि मला वाटलं, मागे असाल," कंपाउंडर म्हणाले.

"मग कळलं केव्हा?"

शेवटी बोटवाल्याने सांगितलं. "जेटीवर. खिडकीतल्या साहेबांनी डोकी मोजली. सात माणसं, आठ सह्या. म्हणाले, एक सही जास्त होतेय, तिचा निकाल लावा, नाहीतर शिक्का मिळणार नाही. म्हणून आलो."

भाऊसाहेब बसले. माणूस कमी पडला नव्हता. सही जास्त झाली होती. बोट सुटल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि लाल रकान्यांतून बोट फिरवलं. बेट क्रमांक तीन, भाऊसाहेब, सही. बेट क्रमांक चार, सही. पाच, सही. सगळीकडे सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. चार आणि पाचच्या शेऱ्यात 'नाही' असंही लिहिलं होतं.

"ही कुणी केली?"

टायपिस्टबाईंनी मान खाली घातली. "मी केली, भाऊसाहेब. तिसऱ्यावर बोटवाला घाई करत होता. वाटलं, येतच असाल तुम्ही मागून. आणि पुढे मग... वही समोर आली की हात आपोआप गेला."

"पहिल्या दोन बेटांवर?"

"तुम्ही सगळ्यांच्या मागे असायचात ना. तुमचीच राहून जायची. जागा कोरी बरी दिसेना."

"पण हुबेहूब आहे," भाऊसाहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मलासुद्धा ओळखता आली नाही."

"सवय आहे."

हे बोलून गेल्यावर बाईंनी ओठ आवळले, पण उशीर झाला होता. कॅशियर खायचा थांबला. दोन ज्युनियरनी एकमेकांकडे पाहिलं. कसली सवय, असं भाऊसाहेबांनी दोनदा विचारलं, तेव्हा बाईंनी पदर हातात घट्ट धरून सांगून टाकलं.

"तुमच्या टेबलावर फाईल गेली की तीन-तीन आठवडे यायची नाही. तुम्ही चुका शोधत बसायचात. बाहेर बाकावर माणसं यायची, म्हातारी, आजारी. रोज यायची. मला खिडकीतून दिसायची हो. मग एकदा मी केली सही. कुणाला कळलं नाही. मग दुसरी केली."

"मग माझ्याकडे ज्या फायली यायच्या, त्या?"

"त्या दुसऱ्या प्रती. तुमचं मन मोडू नये म्हणून."

"किती वर्षं?"

"तुम्ही हेडक्लार्क झाल्यापासून."

"साहेबांना माहीत होतं?"

उत्तर शिपायाने दिलं, कारण तो कशालाच नाही म्हणत नसे. "हो."

यांच्या सहीशिवाय या कचेरीतून एक कागद बाहेर गेलेला नाही. अक्षरशः खरं होतं ते. टाळ्यासुद्धा मनापासूनच पडल्या होत्या. अकरा वर्षं भाऊसाहेबांनी मान मोडून, डोळे फोडून ज्यांतल्या चुका शोधल्या, ते कागद कधीच निघून गेले होते आणि बाकावरची माणसं घरी गेली होती. त्यांना रडावंसं वाटलं. पण सगळे बघत होते, आणि नव्या हेडक्लार्कबाई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या, ते त्याहून वाईट होतं. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि धक्का येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसले.

खिडकीत तोच कारकून होता. त्याने डोकी मोजली, आठ. सह्या मोजल्या, आठ. मग चष्म्यावरून बघत एक कोरा कागद पुढे सरकवला. "मघाशी माणूस नव्हता आणि सही होती. तेव्हा लेखी लागेल. 'रजिस्टरातील सर्व सह्या माझ्याच आहेत.' आणि खाली सही."

"आणि नसल्या तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तर खोटी सही. बोटवाल्याचं लायसन गेलं आणि करणाऱ्यावर केस."

भाऊसाहेबांच्या मागे टायपिस्टबाई उभ्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. भाऊसाहेबांनी पेन काढलं, ठरलेला मजकूर आपल्या अक्षरात लिहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच चुका न शोधता, कागदावर पटकन सही केली.

कारकुनाने कागद उचलला. वहीशेजारी धरला. मग ड्रॉवरमधून मूळ अर्ज काढून तोही शेजारी ठेवला.

"अर्जावरची आणि रजिस्टरातली जुळतेय," तो म्हणाला. "ही जुळत नाही."

"ही माझी आहे."

"असेल. जुळत नाही." त्याने नवीन कोरा कागद दिला. "तिथे बाकावर बसा. शांतपणे, रजिस्टरातल्यासारखी करून आणा."

भाऊसाहेब बाकावर जाऊन बसले. कागद गुडघ्यावर घेतला, मजकूर पुन्हा लिहिला. पेन टेकवलं तशी रेघ उडी मारणार हे त्यांना आधीच कळलं. टायपिस्टबाई शेजारी येऊन बसल्या.

मग भाऊसाहेबांनी कागद त्यांच्या मांडीवर सरकवला आणि पेन पुढे केलं.

"घ्या, बाई. टिंबं विसरू नका."

"नाही विसरत," टायपिस्टबाई म्हणाल्या.